तुरुंगात असताना दिवाणी दाव्यातला पत्ता कसा बदलून घ्यावा: गोव्यातील पक्षकार आणि त्यांच्या घरच्यांसाठी

काही वर्षांपूर्वी म्हापशाच्या न्यायालयात वाटेच्या वहिवाटीचा एक जुना दावा चाळताना फाईलच्या शेवटी टाचलेला एक लिफाफा माझ्या पाहण्यात आला. वादीच्या वकिलांनी काम सोडले होते, म्हणून न्यायालयाने वादीला त्याच्या गावच्या घरच्या पत्त्यावर नोटीस काढली होती, आणि पोस्टमनने लिफाफ्यावर निळ्या पेनाने आडवे ‘लेफ्ट’, म्हणजे घर सोडून गेला, असे लिहून ती परत केली होती. पुढच्या तारखेला वादी गैरहजर, त्यामुळे दावा काढून टाकला गेला. वादी त्या वेळी कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात कच्चा कैदी होता, आणि त्याच्यावरच्या फौजदारी खटल्यासाठी त्याला ठरावीक तारखांना पोलीस बंदोबस्तात याच म्हापशात आणले जात होते. तो कुठे आहे हे सरकारला ठाऊक होते, तुरुंगाला ठाऊक होते, फौजदारी न्यायालयाला ठाऊक होते. फक्त वाटेच्या दाव्याच्या फाईलला ते कोणी सांगितले नव्हते.

पत्ता हा माणसाला चिकटलेला नसतो, तो फाईलला चिकटलेला असतो, हे एकदा ध्यानात आले की पुढचे सर्व काम सोपे होते. एकाच माणसाची तीन प्रकरणे तीन न्यायालयांत असतील, तर त्याचे तीन पत्ते नोंदलेले असतात आणि ते तिन्ही स्वतंत्रपणे बदलावे लागतात. तुरुंग अधीक्षकांनी फौजदारी न्यायालयाला कळवलेली बदली दिवाणी न्यायालयापर्यंत आपोआप पोहोचत नाही, आणि दोन न्यायालये एकाच जिन्याच्या दोन बाजूंना असली तरी त्यात फरक पडत नाही.

कायदा काय म्हणतो

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ६, नियम १४-अ हा या विषयाचा कणा आहे. १९७६ च्या दुरुस्तीने तो संहितेत आला. दावा किंवा लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, दाखल करताना प्रत्येक पक्षकाराने आपला पत्ता विहित नमुन्यात, सही करून द्यावा लागतो, आणि त्याला ‘नोंदणीकृत पत्ता’ म्हणतात. हा पत्ता रीतसर बदलेपर्यंत दाव्यातील व त्यावरील अपिलातील सर्व समन्स-नोटिसांसाठी तोच खरा पत्ता मानला जातो, आणि अंतिम निकालानंतर दोन वर्षांपर्यंत हुकूमनाम्याच्या, म्हणजे दाव्यातील निर्णयाच्या, अंमलबजावणीसाठीही तो लागू राहतो. पक्षकार तिथे राहत असता तर जशी बजावणी झाली असती, तशीच ती त्या पत्त्यावर करता येते. ‘मी तर आत होतो’ हे उत्तर म्हणूनच आपोआप चालत नाही. ते पुराव्यानिशी आणि मुदतीत मांडावे लागते.

पत्ता अपुरा, खोटा किंवा बनावट असल्याचे आढळले, तर याच नियमाखाली न्यायालय वादीचा दावा स्थगित करू शकते किंवा प्रतिवादीचा बचाव काढून टाकू शकते. पुरेसे कारण दाखवून खरा पत्ता दिल्यास असा आदेश मागे घेता येतो, ही त्यातली दिलाशाची बाजू.

प्रतिवादी तुरुंगात असेल तर आदेश ५, नियम २४ प्रमाणे समन्स तुरुंगाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे पाठवले जाते, आणि त्याने ते कैद्याला देऊन त्याच्या सहीची पोच न्यायालयाला परत करायची असते. मात्र यासाठी प्रतिवादी तुरुंगात आहे हे आधी न्यायालयाला माहीत असावे लागते. ज्याला दावा लवकर एकतर्फी व्हावासा वाटतो तो वादी ते सांगण्याची घाई करीलच असे नाही, तेव्हा हे काम कैद्याने किंवा त्याच्या घरच्यांनीच करावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एकदा पक्षकार हजर झाला की न्यायालय दर तारखेची नोटीस घरी पाठवत नाही. तारखा आपण किंवा आपल्या वकिलांनी पाहायच्या असतात. पत्त्याची गरज पडते ती मोजक्या पण निर्णायक प्रसंगी: वकिलाने काम सोडले, प्रकरण एका न्यायालयातून दुसऱ्याकडे वर्ग झाले, विरुद्ध बाजूने अपील केले, कोर्ट कमिशनर जागेची पाहणी करायला निघाले, किंवा हुकूमनाम्याची अंमलबजावणी सुरू झाली. वर्षानुवर्षे एकही लिफाफा न आल्यामुळे सगळे सुरळीत आहे असे वाटत राहते, आणि जो एकच लिफाफा महत्त्वाचा असतो तोच चुकतो.

पहिले काम: प्रकरणांची यादी

कागद घ्या आणि त्या माणसाच्या नावावर जिथे जिथे काही चालू आहे ते सर्व लिहून काढा. दिवाणी दावे आठवतात. विसरली जातात ती मामलेदारांपुढची मुंडकारीची (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहणाऱ्यांच्या हक्कांची) प्रकरणे, मोटार अपघाताची भरपाई, ग्राहक आयोगातील तक्रार, घटस्फोटाचा किंवा पोटगीचा अर्ज, आणि आजोबांच्या नावावरील घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतील वाटणीचे न्यायालयीन प्रकरण. शेवटच्या प्रकाराकडे गोव्यात विशेष लक्ष हवे. २०१२ च्या वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याप्रमाणे वारसांमध्ये वाटणी होते तेव्हा एखादी मालमत्ता वारसांच्या आपसातल्या बोलीवर, म्हणजे लिसिटेशनवर, जाऊ शकते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्याच्या वाट्याला घराऐवजी पैसे येतात, आणि घर परत मिळवणे मग फार जड जाते.

प्रत्येक प्रकरणापुढे न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा पूर्ण क्रमांक, पुढची तारीख, वकिलांचे नाव आणि सध्या नोंदलेला पत्ता लिहा. गोव्यातील दिवाणी प्रकरणांच्या क्रमांकात वर्षानंतर ए, बी, सी असे न्यायालय दाखवणारे अक्षर अनेकदा असते. ते गाळलेत तर अर्ज भलत्याच टेबलावर जातो. सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळाला तर उत्तमच, कारण तो टाकून ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख कोणालाही पाहता येते. तुरुंगातल्या माणसाकडे मोबाईल नसतो, म्हणून हे काम घरातल्या एकाच, नीटनेटक्या माणसाकडे सोपवावे. दोघांकडे सोपवले की दोघेही दुसऱ्याने पाहिले असेल असे धरून चालतात.

पती-पत्नींनी इथे एक खबरदारी घ्यावी. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर, दोघांची मालमत्ता सामायिक असते आणि म्हणून मालमत्तेच्या दाव्यांत बहुधा दोघांचीही नावे असतात. कायद्याच्या दृष्टीने ते दोन पक्षकार आहेत. नवऱ्याचा पत्ता कोलवाळचा झाला म्हणून बायकोचा होत नाही. आणि नवरा आत गेल्यावर बायको मुलांना घेऊन माहेरी राहायला गेली असेल, तर तिचाही पत्ता तिच्या सहीने वेगळा बदलावा लागतो.

कोणता बदल कळवावा, कोणता नाही

अटक होऊन घरून तुरुंगात जाणे, एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात किंवा दुसऱ्या राज्यात बदली होणे, जामिनावर किंवा शिक्षा संपून बाहेर येणे, बाहेर आल्यावर वेगळ्या घरी राहायला जाणे, हे सर्व कळवावे. बरॅक बदलली तर कळवण्याची गरज नाही. पॅरोल किंवा फर्लोवर थोड्या दिवसांसाठी घरी आलेल्याने पत्ता बदलू नये, कारण परतल्यावर पुन्हा अर्ज करावा लागेल. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) चार-सहा दिवस दाखल असणे हाही पत्त्याचा बदल नव्हे; मात्र त्याच दिवसांत तारीख असेल तर गैरहजेरीचे कारण वकिलांमार्फत त्याच दिवशी न्यायालयाला सांगावे.

जो माणूस कुठेच हलला नाही त्याचाही पत्ता बदलू शकतो. पंचायतीने घरांना नवे क्रमांक दिले की जुन्या क्रमांकाने बेलीफ वाड्यावर फिरत राहतो. आणि संपूर्ण तुरुंगच हलल्याचे उदाहरण तर आपल्याकडेच आहे. २०१५ मध्ये आग्वादचा मध्यवर्ती तुरुंग बंद होऊन कैदी कोलवाळला गेले, आणि ज्यांच्या दाव्यात आग्वादचा पत्ता होता त्या सर्वांचा पत्ता त्यांनी काहीही न करता जुना झाला. आज त्या जागी संग्रहालय आहे.

कोणता पत्ता द्यावा, हा खरा प्रश्न

या बाबतीत वकिलांमध्येही एकमत नसते, म्हणून माझे मत कारणांसह देतो. कच्च्या कैद्याला जामीन कधीही मिळू शकतो. त्याने तुरुंगाचा पत्ता नोंदवला आणि पंधरा दिवसांत तो सुटला, तर नोटीस तुरुंगात जाईल आणि माणूस घरी असेल. अशा माणसाने घरचा कायम पत्ताच नोंदणीकृत ठेवावा, परंतु त्या घरात कोणीतरी कायम राहणारे असले पाहिजे. कुलूप असलेले घर हा पत्ता नव्हे. घर बंद असेल तर भाऊ, बहीण किंवा विश्वासू शेजारी यांच्या मार्फत असा पत्ता, त्यांची संमती घेऊन, द्यावा. जोडीला अर्जात असे लिहावे की पक्षकार सध्या अमुक तुरुंगात आहे आणि प्रत्येक नोटिशीची एक प्रत तुरुंग अधीक्षकांमार्फतही पाठवावी. नियम १४-अ मध्येच न्यायालयाला अन्य पत्त्यावर बजावणीचा आदेश देण्याची मुभा ठेवलेली आहे, त्यामुळे ही मागणी वावगी ठरत नाही.

लांब शिक्षा झालेल्याचे गणित उलटे आहे. त्याने तुरुंगाचा पत्ता नोंदवावा, त्यात आपला कैदी क्रमांक लिहावा, आणि घरचा पत्ता दुसरा म्हणून द्यावा. नुसते ‘कोलवाळ जेल’ पुरेसे नाही. एकाच आडनावाचे आणि एकाच नावाचे दोन कैदी एका तुरुंगात असणे ही गोव्यात मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही, म्हणून वडिलांचे नाव आणि कैदी क्रमांक दोन्ही हवेत.

काहीजण वकिलांच्या कार्यालयाचाच पत्ता देतात. वकालतनामा कायम आहे तोवर वकिलावर झालेली बजावणी आदेश ३, नियम ५ प्रमाणे पक्षकारावर झाली असेच मानले जाते, तेव्हा तो पत्ता वेगळा देऊन काही मिळवले जात नाही. आणि वकील बदलले की तोच पत्ता अडचणीचा ठरतो.

घराचा पत्ता लिहिताना घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, जिल्हा आणि पिन कोड हे सर्व लिहावे. ‘देवळाजवळ’ एवढ्यावर भागवू नये, कारण आपल्या गावांत देवळे एकापेक्षा अधिक असतात आणि बदलीवर आलेल्या बेलिफाला त्यातले कोणते हे कळत नाही.

अर्ज कसा लिहावा

नियमाप्रमाणे दोन कागद लागतात: नव्या पत्त्याचा भरलेला नमुना आणि त्यासोबत सत्यापन केलेला अर्ज. गोव्यातील न्यायालयांचे कामकाज व्यवहारात इंग्रजीतून चालते, म्हणून दाखल करायचा अर्ज वकिलांकडून इंग्रजीत करून घेणे सोयीचे. पण मजकूर काय असावा हे पक्षकाराला त्याच्या भाषेत समजले पाहिजे. तो साधारण असा असतो:

‘अर्जदार या दाव्यातील वादी आहे. दावा दाखल करताना अर्जदाराने घर क्रमांक अमुक, अमुक वाडा, अमुक गाव, तालुका पेडणे हा नोंदणीकृत पत्ता दिला होता. अर्जदार अमुक तारखेपासून मध्यवर्ती कारागृह, कोलवाळ, तालुका बार्देश येथे, कैदी क्रमांक अमुक, असा स्थानबद्ध असून वरील घर बंद आहे. म्हणून अर्जदाराचा नोंदणीकृत पत्ता यापुढे पुढीलप्रमाणे नोंदवावा, आणि प्रत्येक नोटिशीची प्रत तुरुंग अधीक्षकांमार्फत अर्जदाराला पाठवण्याचा आदेश व्हावा. परिच्छेद १ ते ३ मधील मजकूर माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरा आहे.’

त्याखाली ठिकाण, तारीख आणि सही. अटकेचे कारण लिहू नये. पत्ता बदलण्यासाठी गुन्ह्याचा तपशील लागत नाही, आणि दिवाणी फाईलमध्ये तो कायमचा राहून जातो. एका अर्जात एकच प्रकरण असावे. तीन दाव्यांचे क्रमांक लिहिलेला एकच अर्ज दिला, तर तो एका फाईलमध्ये लागतो आणि दोन फाईल कोऱ्या राहतात.

आतून बाहेर: अर्जाचा प्रवास

कैद्याने सही किंवा अंगठा तुरुंग अधिकाऱ्यासमोर करून त्यावर अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही, शिक्का आणि तारीख घ्यावी. वकालतनाम्याचेही तसेच. नंतर दोन मार्ग राहतात. अर्ज तुरुंगाच्या कार्यालयातून थेट न्यायालयाकडे पाठवता येतो, किंवा भेटीला आलेल्या वकिलांच्या हाती देऊन ते तो दाखल करतात. पहिल्या मार्गाने पाठवल्यास जावक क्रमांक आणि तारीख विचारून वहीत लिहून ठेवा. पुढे कधी ‘अर्ज आलाच नाही’ असे उत्तर मिळाले, तर हा एक क्रमांकच तुमच्या बाजूने बोलतो. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, कारण न्यायालयाच्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला पोच लगेच मिळते.

दावा किंवा याचिका तुरुंग प्रशासनाविरुद्धच असेल, तर अर्ज एका मार्गावर विसंबून ठेवू नये. एक प्रत कार्यालयातून आणि एक वकिलांमार्फत, अशी दोन्हीकडून पाठवावी.

वकील नसेल तर काळजीचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतील कोणतीही व्यक्ती, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्याला पात्र असते, आणि ते दिवाणी प्रकरणांनाही लागू आहे. उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे त्यासाठी साधा अर्ज पुरतो. घरचे १५१०० या क्रमांकावरही चौकशी करू शकतात. पर्वरी येथील उच्च न्यायालयातील प्रकरणासाठी तिथल्या विधी सेवा समितीकडे जावे. तुरुंगात येणाऱ्या विधी स्वयंसेवकाला मात्र ‘वकील पाहिजे’ एवढेच सांगू नका. ‘अमुक दाव्यात पत्ता बदलायचा आहे, पुढची तारीख अमुक आहे’ असे सांगितले की काम त्याच आठवड्यात होण्याची शक्यता वाढते.

अर्जाची प्रत विरुद्ध बाजूच्या वकिलांना देऊन आपल्या प्रतीवर, म्हणजे ओसीवर, त्यांची सही घ्यावी. न्यायालयाच्या आवक खिडकीचा शिक्काही त्याच प्रतीवर घ्यावा. दोन खुणा असलेली ही एक प्रत घरी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी, पावसाळ्याचा विचार करून.

दाखल झाला म्हणजे नोंदला गेला असे नाही

बहुतेकजण इथे थांबतात. पुढच्या तारखेचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची न्यायालयाची नोंद, वकिलांना वाचायला सांगावा, किंवा त्याची नक्कल काढावी. अर्जाला निशाणी क्रमांक, म्हणजे फाईलमधला कागदाचा क्रमांक, पडला का, त्यावर आदेश झाला का, आणि कारकुनाने फाईलमधल्या पत्त्याच्या नमुन्यावर दुरुस्ती केली का, या तीन गोष्टी पाहायच्या. ई-कोर्ट्सवर तारीख दिसते, पण तिथले पाहून नोटीस कोणत्या पत्त्यावर निघेल हे ठरवू नये. नोटीस फाईलवरून निघते.

अपील चालू असेल तर अपिलाच्या न्यायालयातही वेगळा अर्ज द्यावा. खालच्या न्यायालयातला नोंदणीकृत पत्ता अपिलालाही लागू असतो खरा, पण अपिलाच्या फाईलमध्ये विरुद्ध बाजूने लिहिलेला पत्ता आधी वाचला जातो. फौजदारी शिक्षेविरुद्धचे अपील कैदी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४ प्रमाणे तुरुंगाच्या प्रभारी अधिकाऱ्यामार्फत दाखल करू शकतो, आणि तिथे तो कुठे आहे हे न्यायालयाला मुळातच कळते. दिवाणी बाजूला ही सोय नाही, आणि दोन्हींची गल्लत केल्यामुळेच ‘कोर्टाला ठाऊक आहे’ असा समज पसरतो.

सुटकेचा आठवडा

तुरुंगात जाताना पत्ता बदलणारे पुष्कळ असतात, बाहेर येताना बदलणारे फार थोडे. सुटलेल्या माणसाच्या डोक्यात त्या दिवसांत घर, काम आणि जामिनाच्या अटी असतात, वाटेचा दावा नसतो. तुरुंगात आलेली नोटीस मग ‘सुटून गेला’ अशा शेऱ्यानिशी परत जाते, आणि नोंदणीकृत पत्ता तोच असल्यामुळे ती अंगावर येते. म्हणून घरच्यांनी सुटकेपूर्वीच अर्जाचा मसुदा तयार ठेवावा आणि सुटल्यापासून आठवडाभरात, सुटकेच्या दाखल्याची प्रत जोडून, तो दाखल करावा. जामिनाच्या आदेशात पत्ता कळवण्याची अट असेल तर ती वेगळी पाळायची आहे. ती पाळल्याने दिवाणी फाईल बदलत नाही.

चुकले असेल तर

वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला गेला असेल, तर तो पूर्ववत करण्याचा अर्ज दावा काढून टाकल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत करावा लागतो. प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करण्याची मुदतही ३० दिवसांचीच. मात्र समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, तर ती हुकूमनामा माहीत झाल्यापासून मोजली जाते. म्हणून कधी आणि कोणाकडून कळले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. मुदत उलटली असेल तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडता येतो.

अशा अर्जासोबत तुरुंगाचा दाखला हवाच: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत माणूस तिथे होता, मधल्या काळात त्याच्या नावाची नोटीस तुरुंगाच्या आवक नोंदवहीत आली होती का, आणि त्याने पाठवलेल्या अर्जाचा जावक क्रमांक काय. वाटेच्या दाव्यातील वादीकडे यांपैकी स्थानबद्धतेचा दाखला होता, त्यावर दावा पूर्ववत झाला. पण तोपर्यंत शेजाऱ्याने वाटेवर चिरेबंदी कुंपण घालून घेतले होते, आणि ते काढून घेण्यासाठी वादीला वेगळा अर्ज करावा लागला. त्या अर्जावर नवा पत्ता पहिल्याच ओळीत होता.